विद्यापीठ हाच ज्यांचा विषय

अमक्याचा जावई अमेरिकेत प्रोफेसर आहे असे कुणी सांगितले की आपला पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कुठल्या विषयाचा?" गणित, कॉम्प्युटर, केमिस्ट्री... काहीही उत्तर आले तरी आपण समाधानाने मान डोलावतो. पण समजा उत्तर आले, "विद्यापीठ या विषयाचा", तर? आपण गोंधळून जाऊ. विद्यापीठात विषय शिकवतात हे माहीत आहे, पण विद्यापीठ हा कसला विषय?

आज अशाच एका माणसाबद्दल लिहायचे आहे. त्यांचे नाव फिलिप ऑल्टबाख. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नसेल. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, चौतीस वर्षे हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवलेली बाई. त्यांचे इंग्रजी लेख मी डिक्शनरी शेजारी ठेवूनच वाचले. पण वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की होत गेली, ती तुमच्यापुढे मांडावी म्हणून हा खटाटोप. सगळ्यांना पटेलच असे नाही.

ऑल्टबाख यांचा जन्म १९४१ सालचा, शिकागोचा. पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचे सगळे शिक्षण शिकागो विद्यापीठातच झाले. विद्यार्थी असताना ते अण्वस्त्रांच्या विरोधात काम करणाऱ्या विद्यार्थी संघटनेत होते. १९६० साली ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या शांतता चळवळीचे बिल्ले पिशवी भरून अमेरिकेत घेऊन आले. त्या बिल्ल्यावरची खूण तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. वर्तुळ आणि त्यात पक्ष्याच्या पावलाच्या ठशासारख्या रेघा. जेराल्ड होल्टम या इंग्रज चित्रकाराने ती १९५८ मध्ये काढली होती. आज ती टी-शर्टवर, कानातल्यांवर, रिक्षाच्या काचेवर सगळीकडे दिसते. माझ्या नातवाला ती नुसती फॅशन वाटते!

असा हा चळवळ्या मुलगा. त्याने पीएच.डी.साठी विषय कुठला घ्यावा? मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे राजकारण! साठच्या दशकाच्या मध्यावर, विशी-पंचविशीतला हा अमेरिकन आपल्या मुंबईत आला आणि इथल्या कॉलेजांतल्या मुलांच्या संघटना, संप, निवडणुका यांचा अभ्यास करत बसला. १९६६ मध्ये त्याला पीएच.डी. मिळाली आणि १९६८ मध्ये 'स्टुडंट पॉलिटिक्स इन बॉम्बे' हे पुस्तक आले. पुढे १९७२ मध्ये मुंबई विद्यापीठावरच त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिले.

त्या अभ्यासाचे सार माझ्या भाषेत सांगते. स्वातंत्र्याच्या आधी विद्यार्थ्यांच्या चळवळीला एक मोठे ध्येय होते. १९३६ साली ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन निघाली, १९४२ साली मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. इंग्रज गेले आणि ते ध्येयही संपले. मग उरला तो असंतोष, पण तुकड्यातुकड्यांचा. आज फीसाठी, उद्या पेपर अवघड गेला म्हणून, परवा वसतिगृहातल्या जेवणासाठी. वर्तमानपत्रे त्याला विद्यार्थ्यांची बेशिस्त म्हणून मोकळी होत. ऑल्टबाख यांनी मात्र कारणे शोधली.

मी कॉलेजात गेले तेही १९६८ सालीच. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात परीक्षा पुढे ढकलावी म्हणून दर वर्षी न चुकता संप व्हायचा. आम्ही मुली पायऱ्यांवर बसून गंमत पाहायचो. त्या संपाचाही कुणी गंभीरपणे अभ्यास करतो, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. पण बघा ना, जी गोष्ट आपल्याला रोजची वाटते तीच बाहेरून आलेल्याला प्रश्न वाटते. आणि प्रश्न पडला तरच शास्त्र सुरू होते.

त्यानंतर ऑल्टबाख यांनी आयुष्यभर दुसरे काही केले नाही म्हटले तरी चालेल. विस्कॉन्सिन, मग बफेलो आणि १९९४ पासून बोस्टन कॉलेज. तिथे १९९५ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षणाचा अभ्यास करणारे एक केंद्र काढले. केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इमारत, कोनशिला आणि उद्घाटनाची रिबीन येते. हे केंद्र म्हणजे मोजकी माणसे आणि पीएच.डी. करणारे काही विद्यार्थी. त्यांचे एक मुख्य काम म्हणजे एक त्रैमासिक. जगातल्या कुठल्या देशात विद्यापीठांचे काय चालले आहे यावर छोटे छोटे लेख, त्या त्या देशातल्या लोकांनीही लिहिलेले. कुठे फी वाढली, कुठे खासगी कॉलेजांचे पीक आले, कुठे प्राध्यापक संपावर आहेत... अंक सर्वांना फुकट. १९९५ पासून दर तीन महिन्यांनी तो निघत राहिला आणि २०२० साली त्याचा शंभरावा अंक आला. त्याची चिनी, रशियन, स्पॅनिश, पोर्तुगीज अशी भाषांतरेही निघाली. २०१३ साली ऑल्टबाख निवृत्त झाले, पुढे संचालकपद दुसऱ्यांकडे गेले, आणि काम चालू राहिले. संस्थापकाबरोबर संस्थाही आजारी पडते हे पाहायची सवय असलेल्या आपल्याला याचे विशेष वाटावे.

आता त्यांच्या विचाराकडे येते. तो समजायला आपली खेडी बरी पडतात. एक बाजाराचे गाव असते आणि त्याच्याभोवती दहा-बारा वाड्या असतात. वाडीतला माणूस बाजाराला जातो, तिथल्या भावाने विकतो, तिथल्या भावाने घेतो. बाजाराच्या गावाला मात्र वाडीत यायची गरज पडत नाही. ऑल्टबाख म्हणतात, ज्ञानाच्या जगातही असेच आहे. अमेरिका, इंग्लंड अशा थोड्या देशांतली थोडी विद्यापीठे म्हणजे बाजाराचे गाव. काय संशोधन करावे, कुठे छापावे, कोणत्या भाषेत लिहावे हे तिथे ठरते. बाकी सगळे परिघावर. १९९३ साली त्यांनी एका लेखात भारत आणि चीनला मिळून अवाढव्य परीघ म्हटले. विद्यार्थी कोट्यवधी, पण ज्ञानाचा भाव ठरवण्यात वाटा लहान! इंग्रजीच्या या दादागिरीवरही त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. आणि जागतिक दर्जाचे विद्यापीठ या आजच्या वेडाची त्यांनी छान फिरकी घेतली आहे. ते हवे सगळ्यांना असते, पण ते म्हणजे काय आणि ते कसे घडते हे कुणालाच नीटसे ठाऊक नसते, असा त्यांचा रोख.

आता कुणी म्हणेल, इंग्रजीच्या दादागिरीबद्दल ते स्वतः इंग्रजीतच लिहितात, आणि बाजाराच्या गावात, बोस्टनमध्ये बसून लिहितात. खरेच आहे. मलाही ते जाणवले. पण मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही. बाजारातल्या माणसाने वाडीत येऊन वाडीची नोंद केली आणि बाजाराचे वजनकाटे कसे आहेत तेही सांगितले. यापुढे वाडीने काय करायचे ते वाडीनेच ठरवायला हवे ना? माझा मुद्दा इथून सुरू होतो.

माझे म्हणणे असे. दुसऱ्याच्या देशातली विद्यापीठे कशी चालतात हे मुद्दाम जाऊन पाहणे आणि आपल्या लोकांना सांगणे, हे मोठे आणि गरजेचे काम आहे. ते आपण एके काळी मराठीत करत होतो. आज आपली मुले लाखांनी परदेशी जात असताना ते जवळजवळ थांबले आहे.

एके काळी म्हणजे कधी? पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाचे. पण रमाबाई समारंभ पाहून परतल्या नाहीत. दोन-अडीच वर्षे राहिल्या, हिंडल्या, शाळा-कॉलेजे पाहिली, आणि १८८९ साली मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक लिहिले. त्यात तिथला राज्यकारभार आहे, घरे आहेत, बायकांची स्थिती आहे आणि शिक्षणही आहे. म्हणजे ऑल्टबाख मुंबईत येण्याच्या पाऊणशे वर्षे आधी एक मराठी बाई अमेरिकेचा अभ्यास करून आली होती! आणि तिने तो मराठी वाचकासाठी मराठीत लिहिला होता.

दुसरे उदाहरण अण्णासाहेब कर्व्यांचे. जपानमध्ये १९०१ साली स्त्रियांचे विद्यापीठ निघाले होते. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी आपल्याकडेही असे विद्यापीठ हवे ही कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये पुण्यात ते सुरूही केले. आज ते एसएनडीटी म्हणून सगळ्यांना माहीत आहे. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची माहिती देणारी साधी पुस्तिका, पण तिच्यातून इथे हजारो मुलींचे आयुष्य बदलले. दुसरी, कर्व्यांनी जपानी विद्यापीठ उचलून इथे आणले नाही. कल्पना घेतली आणि शिकवण्याची भाषा मायबोली ठेवली. बघून घेणे आणि उचलून आणणे यात हा फरक असतो.

उलट उदाहरणही आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. कॉलेजांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या वाटायच्या. पुढे लंडनने १९०० च्या सुमाराला स्वतःची घडण बदलली आणि ते शिकवणारे विद्यापीठ झाले. आपल्याकडे मात्र शेकडो कॉलेजे एका विद्यापीठाला जोडायची आणि त्याने परीक्षांच्या कामात बुडून जायचे, हे चालूच राहिले. नमुना एकदा आणला, पण नमुन्याच्या घरी पुढे काय झाले याच्यावर नजर ठेवली नाही.

आपल्याकडे शिक्षणाचा अभ्यास करणारी माणसे नव्हती असे मुळीच नाही. जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. ऑल्टबाख मुंबईच्या कॉलेजांत हिंडत होते जवळजवळ त्याच काळात, १९६४ ते ६६, नाईक दिल्लीत कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. भारतीय शिक्षणसंस्था त्यांनीच उभी केली. १९४८ मध्ये मुंबईला निघालेली ही संस्था १९७६ मध्ये पुण्याला आली. तिचे 'शिक्षण आणि समाज' हे मराठी त्रैमासिक आमच्या शाळेच्या ग्रंथालयात यायचे. ते उघडणारे आम्ही दोघे-तिघेच असू, पण यायचे. आज दिल्लीतल्या राष्ट्रीय संस्थेत उच्च शिक्षणावर संशोधन चालते, तेही मोलाचे आहे. पण ते बहुतेक इंग्रजीत. ते साताऱ्याच्या, परभणीच्या पालकापर्यंत पोचत नाही.

आणि आज त्याची गरज किती आहे बघा. २०२३-२४ या वर्षात एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी आपण चीनलाही मागे टाकले. आपल्या घरांतूनच मोजा ना, प्रत्येक घरटी एक तरी मूल अमेरिकेत, जर्मनीत, कॅनडात आहे. ही मुले तिथे इंजिनिअरिंग शिकतात, मॅनेजमेंट शिकतात. अमेरिका हा विषय शिकायला कोण जाते? शिकागोहून एक मुलगा मुंबईतले विद्यार्थी समजून घ्यायला आला होता. नांदेडहून शिकागोचे विद्यार्थी समजून घ्यायला कोण गेले?

आता तर विद्यापीठेच आपल्या दारात येत आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात परदेशी विद्यापीठांच्या शाखांसाठी केंद्राचे नियम झाले. जून २०२५ मध्ये नवी मुंबईत शाखा काढण्यासाठी पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे दिली गेली. स्कॉटलंडचे ॲबरडीन, इंग्लंडचे यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था. बातमी वाचून आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणे, "झाले! आता मुलांना परदेशी जायला नको." दुसरा म्हणे, "पुन्हा ईस्ट इंडिया कंपनी!" मला दोन्ही बोलणी सारखीच आळशी वाटली. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. शिकवायला तिकडचे प्राध्यापक येणार की इथलेच नेमणार? फी किती, आणि गरीब मुलाला सवलत किती? संशोधन होणार की नुसत्या नोकरीच्या पदव्या? नफा झाला तर तो कुठे जाणार? तोटा झाला आणि शाखा बंद पडली तर मधल्या वर्षातल्या मुलांचे काय? मलेशियात, दुबईत, चीनमध्ये अशा शाखांचा बरा-वाईट अनुभव जमा आहे. ऑल्टबाख यांच्यासारख्यांनी तो तपासला आहे आणि सावधपणाच सुचवला आहे. तो अनुभव मराठीत कुणी आणायचा?

हे सगळे बोस्टनवर सोपवून चालणार नाही, याचे एक उदाहरण देते. २०१२ साली ऑल्टबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ देशांतल्या प्राध्यापकांच्या पगाराची तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येक देशातली स्वस्ताई-महागाई हिशेबात धरून काढलेले आकडे. त्यात कॅनडा पहिला, मग इटली, मग दक्षिण आफ्रिका, आणि चौथा भारत! महिन्याला सरासरी ६,०७० डॉलर, अमेरिकेपेक्षा चार पैसे जास्तच. चीन पार खाली. अभ्यास खोटा नव्हता. तो सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांतल्या पूर्णवेळ प्राध्यापकांचा होता, आणि सहाव्या वेतन आयोगानंतर त्यांचे पगार खरोखर बरे झाले होते.

पण माझा एक जुना विद्यार्थी आहे. शेतमजुराचा मुलगा. मराठीत एम.ए., सेट पास, पीएच.डी. झालेला. गेली अकरा वर्षे तो तासिका तत्त्वावर शिकवतो. सकाळी एका कॉलेजात, दुपारी तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात. जेवढे तास तेवढे पैसे, तेही महिनोन् महिने थकलेले. सुट्टीत काही नाही. मी त्याला हा चौथ्या क्रमांकाचा आकडा सांगितला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाई, त्या यादीत मी कुठल्या देशात येतो?"

मला उत्तर देता आले नाही. बोस्टनहून जो दिसतो तो पगारपत्रकावरचा प्राध्यापक. मोटारसायकलवरचा प्राध्यापक इथूनच दिसतो, आणि तो इथल्यांनीच लिहायला हवा. ऑल्टबाख यांच्याकडून घ्यायचा धडा माझ्या मते हाच. त्यांचे निष्कर्ष पाठ करू नयेत, त्यांची सवय उचलावी. जाऊन पाहायचे, मोजायचे, कारण शोधायचे, आणि दर तीन महिन्यांनी न कंटाळता छापायचे. त्याला ना मोठी इमारत लागते, ना मंत्री लागतात. चिकाटी लागते.

माझ्या धाकट्या बहिणीची नात जर्मनीत शिकते. मागे फोनवर तिला विचारले, तुमच्याकडे फी किती? म्हणाली, "आजी, आमच्या राज्यात सरकारी विद्यापीठात फी जवळजवळ नाहीच. सेमिस्टरचे थोडे पैसे भरायचे, त्यातच बस-ट्रेनचा पास येतो." मी विचारले, मग प्राध्यापकांचे पगार कोण देते? करातून की आणखी कुठून? ती म्हणाली, "हे मी कधी विचारलंच नाही गं!" तिला दोष देत नाही. तिला कुणी हा प्रश्न विचारायला सांगितलेच नव्हते.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या घरातली जी मुले बाहेर आहेत आणि हे वाचत आहेत, त्यांनी आपापल्या विद्यापीठाबद्दल मराठीत दोन पाने लिहावीत. बर्फाचे फोटो आणि गणपतीचे फोटो येतातच, तेही आवडतात. पण जोडीला हेही लिहा. तुमच्या विद्यापीठाला पैसा कुठून येतो? पेपर कोण काढते, कोण तपासते? शिक्षकाची नेमणूक कशी होते, आणि तिथेही कुणी मोटारसायकलवरचा प्राध्यापक आहे का? (अमेरिकेतही कायम नोकरी नसलेले पुष्कळ आहेत म्हणतात.) गरीब मुलगा तिथे कसा पोचतो? आणि तिथली कुठली गोष्ट इथे मुळीच आणू नये असे तुम्हाला वाटते?

मी ती पाने नीट लावून, शुद्धलेखन तपासून (ती सवय काही जात नाही!) इथे देत जाईन. दर तीन महिन्यांनी चार पाने जमली तरी पुरे. कर्व्यांना एक पुस्तिका पुरली होती.

तुमची मते, विरोधी असली तरी, जरूर कळवा.